बिलिबिन यांच्या आधी पोलेनोवा

मा. संपादक,
स. न.

रविवार पुरवणीतला रशियन बालपुस्तकांवरचा लेख आवडला. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी पुस्तके ज्या घरांत आली, त्या घरांत वाढलेल्या माझ्यासारख्या पुष्कळांना तो जवळचा वाटला असेल. त्यातले एक विधान मात्र तसेच सोडून देववत नाही. रशियन लोककथांना पुस्तकातल्या चित्रांचे रूप द्यायला इव्हान बिलिबिन यांनी सुरुवात केली, असे लेखक म्हणतात. बिलिबिन थोर चित्रकार, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांनी परीकथांच्या चित्रांना हात घातला तो १८९९ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी मॉस्कोत येलेना पोलेनोवा वारल्या होत्या, आणि हेच काम त्या दहा-बारा वर्षे करत आल्या होत्या.

पोलेनोवांचा जन्म १८५० चा, सेंट पीटर्सबर्गचा. आई मुलांसाठी लिहायची, चित्रेही काढायची. भाऊ वसिली पोलेनोव नावाजलेला निसर्गचित्रकार. येलेना क्राम्स्कोय आणि चिस्त्याकोव या नामवंतांकडे शिकल्या, १८८० मध्ये सिरॅमिक्स शिकायला पॅरिसला जाऊन आल्या आणि दोनेक वर्षांत मॉस्कोला राहायला गेल्या. तिथून सावा मामोंतोव या उद्योगपतीच्या मॉस्कोबाहेरच्या आब्राम्त्सेवो या वाडीवर त्यांचे जाणे-येणे सुरू झाले. १८८५ पासून मामोंतोव यांच्या पत्नी येलिझावेता यांच्या साथीने त्यांनी तिथल्या सुतारशाळेची कलाबाजू सांभाळली. आसपासच्या खेड्यांत हिंडून शेतकऱ्यांच्या घरातली कोरीव लाकडी चीजवस्तू गोळा करायची, मिठाच्या डब्या, सूत कातायच्या फळ्या, कपडे बडवायची थापटणी, गाड्यांच्या कोरलेल्या फळ्या. त्यावरची नक्षी उतरवून घ्यायची आणि तिच्यातून नवी कपाटे, खुर्च्या घडवायच्या. गावातली मुले हे काम शिकून पोट भरू लागली.

परीकथा याच काळातल्या. त्यातली पहिली म्हणजे ‘अळंब्यांची लढाई’. ही कथा लहानपणी आजीकडून ऐकलेली, असे पोलेनोवांनी स्तासोव या समीक्षकाला पत्रातून कळवले आहे. गोष्ट अगदी छोटी. अळंब्यांचा राजा बोरोविक ओकच्या झाडाखाली बसून सगळ्या जातींच्या अळंब्यांना लढाईला चला म्हणतो. पांढऱ्या म्हणतात, आम्ही उमराव घराण्यातल्या बायका, आम्ही कशा येणार? कुणाचे पाय बारीक, कुणाचे वय झालेले. शेवटी एक जात पुढे होते, आम्ही एकजुटीची पोरे, आम्ही येतो!

या गोष्टीला कुणीही चित्रकार टोप्या आणि मिशा लावलेल्या अळंब्या काढून मोकळा झाला असता. पोलेनोवांनी जंगल काढले. त्यांची नजर गवताच्या उंचीवर आहे. शेवाळ, पालापाचोळा, गवताची पाती, रानफुले अगदी समोर, हात लावावा इतकी जवळ, आणि मागे झाडी पातळ होत गेलेली. या चित्रांत अळंबीच्या उंचीचे एक राज्य उभे आहे आणि ते कुठल्याही लहान मुलाला खरे वाटेल. आयुष्यभर चित्रकला शिकवली म्हणून सांगते, जलरंगात हा तोल साधणे फार कठीण. पुढचे रेखीव ठेवायच्या नादात मागचे कोरडे पडते, आणि मागचे ओले सोडावे तर पुढे वाहत येते. त्यांची फुलापानांची जलरंगातली निसर्गचित्रे पाहिली की कळते, हा हात परीकथांकडे वळण्याआधी रानात पुष्कळ बसलेला होता.

हे पुस्तक १८८९ मध्ये निघाले. मजकूरही चित्रासारखा हाताने लिहिलेला, त्यामुळे पान डोळ्यांपुढे एकसंध येते. पण रंगीत छपाई परवडणारी नव्हती. चित्रे एकरंगी छापली गेली, काही प्रतींत रंग हाताने भरले. ज्या चित्रांचा जीवच रंगात, ती बहुतेक वाचकांपर्यंत रंगाविना पोचली. मला हे फार लागते.

नंतरच्या कथांत त्यांची शैली पार बदलली. ‘सिन्को-फिलिप्को’ ही ओंडक्यातून जन्मलेल्या मुलाची कथा घ्या, किंवा ‘सरोका-वरोना’ हे बडबडगीत. आपण बाळाची बोटे धरून ‘करंगळी, मरंगळी’ म्हणतो, तसे तिकडे बाळाच्या तळहातावर बोट फिरवत पाखराने लापशी शिजवली, कुणाला वाढली, कुणाला नाही, हे म्हणतात. या चित्रांत ओलसर छटा जवळपास गेल्या. ठळक बाह्यरेषा आली, तिच्या आत सपाट रंग. माझ्या मते यामागे लाकडावरचे कोरीवकाम आहे. वर्षानुवर्षे खेड्यांतल्या फळ्यांवरची नक्षी उतरवून घेणाऱ्या हाताला रेषेचा तो ठामपणा आपोआप येतो. बिलिबिन यांची म्हणून आपण जी शैली ओळखतो, काळी रेषा आणि तिच्यातले सपाट रंग, तिची वाट इथून जाते.

मग नाव एकाचेच का राहिले? छपाई हे त्याचे मोठे कारण. बिलिबिन यांची पुस्तके विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी नोटा छापणाऱ्या छापखान्यात उत्तम रंगांत निघाली. पोलेनोवांच्या पुष्कळशा कथा तशाच पडून राहिल्या आणि पुस्तकरूपाने आल्या त्या १९०६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. तोवर वाचकांच्या डोळ्यांत बिलिबिन बसले होते. नंतर आलेले पुस्तक नक्कल वाटावे, असा हा उलटा न्याय झाला.

माझी मागणी दोन गोष्टींची. त्या विधानाची दुरुस्ती छापावी. आणि बालपुरवणीच्या एखाद्या अंकात ‘अळंब्यांची लढाई’ मराठीत आणून पोलेनोवांच्या रंगीत चित्रांसह द्यावी. त्यांना जाऊन सव्वाशे वर्षे उलटली, तेव्हा स्वामित्वहक्काची अडचण येणार नाही. पुरवणीत हल्ली लोककथेबरोबर चित्र असते, पण चित्रकाराचे नाव क्वचितच दिसते. या अंकापासून ते चित्राखाली, वाचता येईल एवढ्या टायपात द्यायला सुरुवात करावी.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा