आई बसून बघेल, मगच गाडी

पर्वरी, ७ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर गाडीचा विषय निघाला की बाबा ठेव मोडायचं म्हणतात, आई पाटल्या विकायचं म्हणते आणि माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून आज लिहायलाच बसले.

आधी जुलैत तुमच्यापासून लपवलेली एक गोष्ट सांगते. रायबंदरच्या रस्त्यावर पावसात माझी स्कूटर घसरली होती. कोपर आणि गुडघा खरचटला, त्यापलीकडे काही नाही, खरंच. पण पुढच्या घरी पक्षाघातातून उठणारे एक आजोबा फिजिओथेरपीसाठी माझी वाट बघत होते, आणि त्या दिवशी त्यांचा व्यायाम चुकला. ते मला फार लागलं. पुढचा पावसाळा स्कूटरवर काढायचा नाही, हे तेव्हाच ठरवलं. घरातली मोठी गाडी तुमचे जावई रोज वेर्ण्याला नेतात. माझे रुग्ण ताळगाव, मिरामार, मेरशी, मळा असे विखुरलेले, दिवसाला पाच-सहा घरं. मशीन, वॉकर, घडीचं टेबल घेऊन बसने फिरता येत नाही.

चवथीला आपण त्या मोठ्या गाडीतून मामाकडे गेलो, आठवतं? आई, तू दाराच्या कडेला धरून, एक पाय वर टाकून, दोनदा प्रयत्न करून आत चढलीस आणि “काही नाही गं” म्हणालीस. मी रोज हेच काम करते, मला दिसतं. दुखऱ्या गुडघ्याला उंच सीटवर चढणं जितकं त्रासदायक, तितकंच खोल सीटमधून उठणं. बाबांच्या जुन्या आठशेत तू अक्षरशः खाली पडल्यासारखी बसायचीस, आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर यायचा. सीट ना फार उंच ना खोल, नुसतं मागे टेकून बसता येईल एवढ्या उंचीला हवी. पाठ सीटकडे करायची, आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. माझ्या रुग्णांना मी सीटवर प्लॅस्टिकची एक पिशवी अंथरायला सांगते, म्हणजे वळताना साडी अडकत नाही आणि अंग सहज फिरतं. गाडी सुरू व्हायच्या आधी मात्र ती काढून टाकायची. पण हे सगळं जमायला दार पुरेसं उघडायला हवं. म्हणून गेला महिनाभर मी गाड्यांची दारं उघडून बघते आहे. शोरूमवाले इंजिनाबद्दल सांगत असतात आणि मी सीटवर बसते-उठते.

माझा जीव पहिल्यांदा वॅगनआरवर बसला होता. छप्पर उंच, बसायला-उठायला सोपी, लांबी जेमतेम साडेतीन मीटरच्या पुढे, त्यामुळे फोंतेन्यासच्या गल्लीतही वळते. कंपनी लिटरला चोवीस-पंचवीस किलोमीटर सांगते. पण बाबा, तुम्ही विचारलं होतं की धडकली तर काय. ते मी शोधलं. गाड्या धडकवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला होता, आणि तिचा सांगाडा डळमळीत ठरला होता. आता तिच्यात सहा एअरबॅग आल्यात, हे चांगलंच आहे. पण सांगाडा टिकला तरच एअरबॅगचा पूर्ण उपयोग.

म्हणून टाटा पंचकडे वळले. तिला २०२१ मध्ये पाच तारे मिळाले आणि सांगाडा स्थिर ठरला. तिची चाचणी जुन्या नियमांनी झाली, २०२२ मध्ये नियम कडक झाले, त्यामुळे ताऱ्यांची सरळ तुलना मी करत नाही. सांगाड्याचा निकाल मात्र मला पुरेसा बोलका वाटला. दारं जवळजवळ काटकोनात उघडतात. जमिनीपासून उंची १८७ मिलिमीटर, म्हणजे पणजीतले खोदलेले रस्ते आणि आपल्या कुळागराकडची उतरण, दोन्ही निभावेल. मागे माझं टेबल आडवं मावलं, ते मी सोबत नेऊनच बघितलं.

ती वॅगनआरपेक्षा पेट्रोल जास्त पिते, हे खरं. महिन्याला हजार किलोमीटर धरले, शहरात वॅगनआरला लिटरला सतरा आणि पंचला तेरा मिळाले असं मानलं, तर अठराएक लिटर जास्त लागेल, म्हणजे महिन्याला सतराशे-अठराशे रुपये. तेवढे मी देईन. घरातून बांबोळीला तपासणीला नेताना तुम्ही दोघं त्याच गाडीत असणार.

गिअरचं विचारत होता ना बाबा? ही एएमटी, म्हणजे गिअर आपोआप पडतात. क्लच असतोच, पण तो पायाऐवजी मोटर दाबते, म्हणून ती खऱ्या ऑटोमॅटिकपेक्षा स्वस्त. गिअर पडताना थोडा हिसका जाणवतो. आल्तिनोच्या चढावर मी मुद्दाम थांबवून बघितली. ब्रेक सोडल्यावर किंचित मागे सरली, हँडब्रेक लावून निघाल्यावर नीट गेली. दिवसभर रुग्णांचे पाय उचलून झाल्यावर पर्वरीच्या कोंडीत डावा पाय मोकळा राहणं ही चैन नाही, गरज आहे.

सीएनजीचा विचार केला होता, खर्च कमी आहे. पण दोन घरांमधल्या अर्ध्या तासात पंपावर रांग लावायची कशी? विजेची गाडी आमच्या सोसायटीत चार्ज करायची सोय नाही, तो विषय तिथेच संपला.

सेकंड हँडही बघितली. बाबा, तुम्ही शिकवलेलं सगळं केलं. एका विक्रेत्याकडे चार वर्षांची गाडी छान चमकत होती. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला, तर तळाशी मातीची रेघ. मागचं कार्पेट उचललं, तर खाली गंज. गाडी पाण्यात बुडालेली होती आणि त्याने शब्दही काढला नव्हता. खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात असला गंज थांबत नाही. तुम्ही शिकवलं नसतं तर मी ती घेतली असती.

चवथीला तुम्ही “दिवाळीपर्यंत थांब, कर उतरणार आहे” म्हणालात, ते किती बरं झालं! २२ सप्टेंबरपासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वर सेसही गेला. आता मधली एएमटी आवृत्ती विमा-नोंदणीसकट साडेआठ लाखांच्या आत बसते. साडेतीन लाख माझ्याकडे साठलेत. उरलेले पाच लाख पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण १०,४०० येतो. स्कूटरवर जमत नव्हती ती दोन घरं वाढली की तो निघेल. तेव्हा बाबा, ठेव मोडायची नाही. ती तुमच्या औषधपाण्याची आहे. आई, तुझ्या पाटल्या तुझ्याच हातात मला बघायच्यात.

तुमच्याकडून मला एकच हवं आहे. शनिवारी सकाळी मी वाळपईला येते, जेवणाआधी तुम्हा दोघांना म्हापशाच्या शोरूमला नेते. आई, नेहमीची साडी नेस आणि रोजच्याच चपला घाल. पुढच्या आणि मागच्या सीटवर तीनतीनदा बस आणि ऊठ, माझा हात न धरता. दुखलं तर दुखलं म्हण, “काही नाही गं” म्हणायचं नाही. तुला जमली नाही तर आपण परत वॅगनआरपासून बघायला लागू, मी बुकिंगचे पैसे अजून भरलेले नाहीत.

बाबा, चष्मा विसरू नका, कागद तुम्हीच वाचायचे आहेत.

तुमची,
बाय