द्राक्षाला शेकोटी, पिल्लाला काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा लागला की आमच्या निफाडचं नाव पेपरात रोज येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, द्राक्षाच्या मण्यांना तडे जातील का, पहाटे बागेत शेकोट्या कशा पेटल्या, सगळं फोटोसकट. ते छापून यायलाच हवं, आमचीही थोडी बाग आहे. पण त्याच गारठ्यात रात्री गाडीतून उतरणाऱ्या चाळीस ग्रॅमच्या ब्रॉयलर (मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांच्या) पिल्लांबद्दल दोन ओळी सापडत नाहीत. सापडल्याच तर ‘थंडीने पिल्ले दगावली’ एवढंच. त्या ‘एवढंच’बद्दल हे पत्र.

पहिल्या आठवड्यातली पुष्कळशी मर दिसते चौथ्या-पाचव्या दिवशी, पण बिघडलेलं असतं पहिल्या रात्री. पिल्लू अंड्यातून येताना पोटात बलक घेऊन येतं, ती त्याची दोन-तीन दिवसांची शिदोरी. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं बॉक्समध्ये भरून लांबून आणता येतात. शेडमध्ये उतरल्यावर जे गारठलं ते जागचं हलत नाही, दाण्याकडे जात नाही, पाण्याकडेही नाही. पोटातल्या बलकावर दिवस काढतं आणि तो संपला की मान टाकतं. आपण मात्र त्या दिवशीचं हवामान बघतो, खाद्याच्या गोणीला नाव ठेवतो आणि औषधाच्या दुकानात पळतो. तिथे कुणी ना कुणी अँटिबायोटिक हातात ठेवतोच. कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या कोंबड्या-जनावरांसाठीच्या वापरावर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली, तरी ‘पूर्वीचं ते पांढरं पावडर द्या’ म्हणणारे मी ऐकले आहेत. बेंबी नीट न मिटलेल्या पिल्लाच्या बलकात जंतू जातात आणि त्याने मर होते, हे खरंच आहे. पण उपाशी पिल्लाला औषध पाजून त्याचं पोट भरत नाही.

आमच्याकडे घोटाळा होतो तो खालून. हवा तापवतात, जमीन कुणी तापवत नाही. पिल्लं यायच्या तासभर आधी बल्ब लावले की भिंतीवरचा थर्मामीटर छान आकडा दाखवतो. तुसाखालचा कोबा बर्फासारखाच असतो. निफाडच्या डिसेंबरात शेड आदल्या दिवशीपासून तापवत ठेवावी लागते. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 32-33 अंश आणि तुसाची गादी 28 ते 30 अंश, एवढं झालं की मग बॉक्स उघडायचे. थर्मामीटर खिळ्याला अडकवू नका, दोरीने खाली सोडा. सगळ्यांत सोपं म्हणजे पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावायचे. गार लागले तर आकडा काहीही म्हणो, जमीन थंड आहे. आमच्या सासूबाईंना थर्मामीटर वाचता येत नाही, पण ही परीक्षा त्यांची कधी चुकत नाही.

दुसरी परीक्षा गळ्याखालच्या पिशवीची. उतरल्यावर सात-आठ तासांनी, म्हणजे बहुधा पहाटेच, चिक गार्डच्या (पिल्लांभोवती लावलेल्या गोल कुंपणाच्या) आतल्या वेगवेगळ्या भागांतली पिल्लं हातात घेऊन पिशवी चाचपायची. मऊ भरलेली असेल तर दाणा-पाणी दोन्ही मिळालं. टणक असेल तर पाणी सापडलेलं नाही. रिकामी असेल तर काहीच नाही. दहातल्या आठांची भरलेली हवी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत जवळजवळ सगळ्यांची. नसेल तर उपाय तेव्हाच करायचा: उष्णता वाढवा, भांडी जवळ आणा, कागदावर आणखी भरडा पसरा, हाताने चोची पाण्यात बुडवा. चौथ्या दिवशी हे करून काही उपयोग नाही.

थंडीच्या भीतीने काहीजण पडदे चहूबाजूंनी प्लास्टिकने गच्च बांधतात आणि आत कोळशाच्या शेगड्या पेटवतात. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने पिल्लं झोपल्यासारखी मरतात, आणि माणसालाही तो वास न येणारा वायू सोडत नाही. पडद्याची वरची वीतभर जागा उघडी हवीच. विजेचं मी बोलत नाही, ते आपल्या पेपरात रोजच असतं. फक्त मध्यरात्री अंधार झाला की पिल्लं एकमेकांवर चढून खालची गुदमरतात, म्हणून पहिल्या रात्रीपासून तासभर अंधाराची सवय लावून ठेवलेली बरी.

हे सगळं शेतकऱ्याच्या हातातलं झालं. जे हातात नाही ते असं. करारावर पक्षी सांभाळणाऱ्या आम्हाला पिल्लं, खाद्य, औषध कंपनी देते. शेड, तूस, शेगडी, मजुरी आमची. मर वाढली की किलोमागचा दर आमचाच कापला जातो. पण बॉक्सवर पिल्लू कधी निघालं ते लिहिलेलं नसतं. सकाळी निघालेलं आणि आदल्या दुपारी निघालेलं पिल्लू रात्री एकाच गाडीतून उतरतं, दोन्ही ‘एक दिवसाचं’ म्हणून. दुसऱ्याची शिदोरी निम्मी संपलेली असते. मातृकळप, म्हणजे ज्या कोंबड्यांची ही अंडी तो कळप, नुकता अंड्यावर आलेला असेल तर पिल्लं लहान येतात, त्यांना एखादा अंश जास्त ऊब लागते. तेही कुणी सांगत नाही. कंपनीच्या सुपरवायझरला विचारलं तर ‘हॅचरीला (अंडी उबवणाऱ्या केंद्राला) माहीत’, आणि हॅचरीचा फोन आम्हाला लागत नाही.

मागणी फार नाही. प्रत्येक बॉक्सवर पिल्लू बाहेर काढल्याची तारीख-वेळ आणि मातृकळपाचं वय आठवड्यांत छापा. हॅचरीकडे हे लिहिलेलं असतंच. पशुसंवर्धन खात्याने ते सक्तीचं करावं, आणि पहिल्या तीन दिवसांतली मर दरातून कापण्याआधी गाडी किती तास रस्त्यात होती ते हिशेबात धरावं. आपल्याकडे एवढीच विनंती की निफाडचा पारा पाच-सहाच्या खाली जाईल त्या दिवशी द्राक्षाच्या सल्ल्याशेजारी पिल्लांसाठीही चार ओळी छापाव्यात. शक्यतो गाड्या उतरायच्या आदल्या दिवशी.

आपली नियमित वाचक,
एक कुक्कुटपालक, ता. निफाड, जि. नाशिक
(कंपनीशी करार चालू असल्याने नाव छापू नये.)