घंगाळाला घंगाळ म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला संग्रहालयांच्या सहलींवरचा लेख वाचला. गाडी कुठे लावावी, मिसळ कुठे खावी, फोटो कुठून चांगला येतो, हे सगळे त्यात आहे. आत गेल्यावर काय पाहायचे, यावर एक ओळ नाही. कालपासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहितो.

आम्ही पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतले. वडिलांनी जन्मभर हातोडी चालवली. मी नोकरी धरली, पण शाळेतून आल्यावर भाता ओढायचे काम माझेच असे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संग्रहालयात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण ही तऱ्हा एकट्या त्यांची नाही. तिथे काचेच्या कपाटात एक सुरेख घंगाळ होते. खाली चिठ्ठी, तीही फक्त इंग्रजीत: ‘कॉपर पॉट’. नात म्हणाली, “आजोबा, एवढ्या मोठ्या भांड्यात कुणाचा स्वयंपाक करायचे?”

मी तिला सांगू लागलो. बंबातले कढत पाणी यात काढायचे, वर विसण घालायचे, आणि तांब्याने अंगावर घ्यायचे. या दोन कड्या उचलायला. पोटावर हे एकसारखे ठोके दिसतात ना, ते मठारकाम. तळाच्या मध्यापासून सुरुवात करून गोल गोल फिरत वर यायचे, ठोक्याला ठोका लागून. त्याने पातळ पत्र्यालाही ताकद येते. एक ठोका तिरका पडला तरी उजेडात लगेच कळतो. माझे वडील भांडे दारात नेऊन उन्हात फिरवून बघत. ऐकता ऐकता पाच-सहा माणसे मागे थांबली. एक बाई म्हणाल्या, “आमच्या माळ्यावर आहे असं, मोडीत घालणार होतो.” तेवढ्यात कर्मचारी आला: “काका, गर्दी करू नका, पुढे सरका.” वेळ पाचपर्यंतची, पण साडेचारलाच अर्ध्या दालनातले दिवे मालवले. नातीने नंतर दोनदा विचारले, त्यांनी तुम्हाला बोलू का नाही दिलं? मला उत्तर देता आले नाही.

संपादकसाहेब, कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही शाबूत आहेत, त्या बघायला लोक मान वर करून उभे राहतात. पण तिथेच ब्राह्मी लिपीत एक लेख आहे, धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केल्याचा. एका लेणीप्रेमी शिक्षकाने तो आम्हाला बोट ठेवून वाचून दाखवला, तेव्हा अंगावर काटा आला. तेव्हा कारागिराचे नाव दगडात कोरले जात होते, आणि आज साध्या भांड्याचे नावसुद्धा चिठ्ठीवर येत नाही, याचा मला फार संताप येतो. अशा गोष्टी लेखात आल्या असत्या तर कार्ल्याला जाणारा माणूस दरवाजापाशी दोन मिनिटे जास्त थांबला असता.

पुण्यात राजा केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्री असल्या घरातल्या वस्तू जमवण्यात आयुष्य घातले, संग्रह २० हजारांच्या वर नेला आणि त्याला अकाली गेलेल्या मुलाचे नाव दिले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी तिथे आणून उभे केले. लेखात या संग्रहालयाला दीड ओळ मिळाली आहे, आणि तीत पार्किंगची अडचण आहे!

आणखी एक. जोडून सुट्टी आली की सोमवारी घारापुरीला जा, असे लेखात सुचवले आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. अजिंठाही सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. लोक मुलांना घेऊन, डबे बांधून पहाटे निघतात. छापण्याआधी एवढे तरी तपासायला हवे होते. चूक दुरुस्त करून येत्या रविवारी ठळक छापावी, ही विनंती.

राहता राहिले चिठ्ठ्यांचे. घंगाळ, बंब, तपेले, हंडा, कळशी, सतेले, परात, पंचपात्री यांतले कुठले कशाचे आणि कसे घडते, हे मला आणि आळीतल्या तीन-चार जुन्या माणसांना पाठ आहे. कुठल्याही संग्रहालयाला हवे असेल तर आम्ही रविवारी येऊन, कपाटासमोर उभे राहून नावे लिहून देऊ. मानधन नको. प्रवासखर्चही आमचा आम्ही करू. फक्त दिवे पाचपर्यंत चालू ठेवावेत.

आपला,
तांबट आळीतला एक जुना वाचक, पुणे