जादा रक्त द्यायचं की नाही

सांगली

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या डॉक्टरांनी तुझ्या ल्युपसच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते त्या आजाराच्या, अभ्यासासाठी जादा रक्त मागितलंय, ते द्यायचं का आणि त्यातून तुला काय मिळणार, असं तू फोनवर विचारलंस. घाईत काहीतरी बोलायचं नव्हतं, म्हणून लिहिते.

तुला लगेच काही मिळणार नाही. तुझी औषधं ठरतात ती लघवीतलं प्रोटीन, रक्तातली सी-थ्री, सी-फोर ही प्रतिकाराची प्रोटीनं आणि डीएनएविरुद्धची डीएसडीएनए अँटीबॉडी बघून आणि तुला तपासून. त्यावरूनच स्लीडायचा, म्हणजे आजार किती जोरात आहे त्याचा, स्कोअर निघतो. पण हा स्कोअर आजार उसळल्यावर चढतो. लॅबमध्ये बसून मला हेच खुपतं. लघवीत प्रोटीन दिसतं तोवर किडनीला त्रास सुरू झालेला असतो. मुलांच्या ल्युपसमध्ये तर किडनी मोठ्यांपेक्षा जास्त वेळा धरली जाते.

म्हणून आता थेट पेशी बघतात. पांढऱ्या पेशींवर प्रोटीनच्या खुणा असतात, त्यांना सीडी म्हणून नंबर दिलेत. चमकणारा रंग जोडलेली अँटीबॉडी त्या खुणेला चिकटते आणि फ्लो सायटोमीटरमध्ये लेझरसमोरून एकेक पेशी मोजली जाते. अँटीबॉडी सोडणाऱ्या प्लाझ्माब्लास्टवर सीडी २७ आणि सीडी ३८ खूप असतात. ल्युपस जोरात असला की या पेशी रक्तात पुष्कळदा वाढतात. मोनोसाइट या पांढऱ्या पेशीवरचं सिग्लेक-१ हे प्रोटीन इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूशी लढताना शरीर सोडतं त्या प्रोटीनचा, जोर दाखवतं.

ल्युपसच्या पेशंटच्या रक्तातली इंटरफेरॉनची छाप, म्हणजे त्यानं चालू केलेल्या जनुकांचा ठसा, २००३ साली ज्या अभ्यासांतून पुढे आली, त्यांतला एक मुलांच्याच रक्तावर झाला होता. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांसाठी ॲनिफ्रोलुमॅब हे ल्युपसचं औषध मंजूर झालं, ते पेशीवर इंटरफेरॉन चिकटतं तो रिसेप्टरच अडवतं. रक्त दिलं तेव्हा त्या पोरांना काय मिळालं असेल? मला ती सारखी आठवतात, बघितलेली नसताना.

तरी पेशींचा एकच आकडा बघून कुणी घाबरू नये. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट येतात, त्यांच्याही रक्तात प्लाझ्माब्लास्ट प्रचंड वाढतात. प्लेटलेट डेंग्यूत उतरतात आणि ल्युपसमध्येही. त्यामुळे ताप आला तर अंदाज बांधत बसू नकोस, सरळ डॉक्टरांकडे जा. आणि बरं वाटतंय म्हणून स्टेरॉइड मनानं बंद करायचं नाही, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनही नाही. त्याची डोळ्यांची तपासणी यंदाची राहिलीय.

तुला अठरा पूर्ण नाहीत, म्हणून सही माझी लागेल. पण तुझा होकार ते वेगळा घेतील आणि तो महत्त्वाचा. रक्त किती घेणार, नेहमीच्या तपासणीच्या सुईतूनच घेणार का, रिपोर्ट आपल्याला कळणार का, हे आधी विचार. मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, त्यानं तुझ्या उपचारात फरक पडत नाही. माझं मन द्यावं असं म्हणतं. तुझं नाही म्हणत असेल तर तसं कळव, मी सही करणार नाही.

तुझी,
आई