बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय, नुसता टीडीएस मोजून काय होणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कॉलनीतल्या बोअरचं पाणी बादलीत काढून ठेवलं की पाच मिनिटात वर रंगीत तवंग दिसायला लागतो, आणि गरम पाणी सोडलं की बाथरूममध्ये पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखा वास येतो. पाणी तपासायला दिलं तर रिपोर्ट आला, टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) ठीक, पीएच ठीक, जंतू नाहीत. अहो पण पेट्रोल, थिनर या टेस्टमध्ये दिसतच नाही, त्यासाठी व्हीओसीची (म्हणजे हवेत सहज उडणाऱ्या रसायनांची) वेगळी टेस्ट लागते, ती करा असं कुणी सांगतच नाही.

पेट्रोलमधल्या बेन्झीननं कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 1 ग्रॅम बेन्झीन 1 लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. आणि उकळून घ्या म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ते वाफ होऊन आपल्याच स्वयंपाकघरात पसरतं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, तीस वर्षं लेथवर काम केलंय. पार्ट धुतलेलं रॉकेल, थिनर आम्ही सरळ शेडमागं ओतायचो, जिरलं की संपलं असं वाटायचं. संपत नाही ते. पेट्रोल, डिझेल पाण्यावर तरंगतं, पण ग्रीस काढायचं ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जड, ते खाली खाली जातं आणि आपल्याकडं मुरमाखाली काळा पाषाण, त्याच्या भेगांतून कुठल्या कुठं पोचेल सांगता येत नाही. त्यामुळं एक बोअर बंद केला की प्रश्न मिटला असं नाही, शेजारच्याचा बोअर चालूच असतो ना.

2013 साली चेन्नईत तोंडियारपेटला बोअरमधून पाण्याऐवजी इंधन येत होतं, जमिनीखालची पाइपलाइन गळत होती. असं झालं की गळती आधी थांबवायची, वर तरंगणारं तेल उपसायचं, पाणी वर काढून त्यात हवा खेळवायची, मग कार्बनमधून गाळायचं. जमिनीत हवा सोडली तर पेट्रोल खाणारे जिवाणू तिथंच वाढतात, ते बरंचसं काम करतात. पण ट्रायक्लोरोइथिलीनवर हा हवा सोडून जिवाणू वाढवायचा उपाय सहसा चालत नाही, तिथं बऱ्याचदा वर्षानुवर्षं उपसा करत बसावं लागतं, खर्च प्रचंड.

प्रदूषण मंडळ आणि महापालिकेला कळकळीची विनंती, पेट्रोल पंपांच्या जमिनीतल्या टाक्यांची गळती तपासा आणि उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या बोअरची व्हीओसी टेस्ट या उन्हाळ्याच्या आत करा, पाणी खाली गेलं की लोक बोअरवरच येणार आहेत.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर