‘प्रतिकारशक्ती कमी’ म्हणून भागत नाही

महोदय,

लहान मुलांमधील गंभीर मलेरियावरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार, पण दोन ठिकाणी अडखळलो. ‘ज्यांची प्रतिकारशक्ती कमी, त्यांना मलेरिया जास्त बाधतो’ हे एक वाक्य आणि ‘मलेरियाचे जनुक सापडले’ हा चौकटीतला मथळा. वाक्य निम्मेच खरे आहे. मथळा तेवढाही नाही.

निम्मे खरे अशासाठी, की पुन्हा पुन्हा संसर्ग होऊन अंगी बाणणारी प्रतिकारशक्ती चिमुरड्यांकडे नसते. २०२३ मध्ये जगभरात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार जण दगावले. त्यातले ९५ टक्के जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागातले, आणि तिथे दर चार मृत्यूंमागे तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे. पण एकाच वस्तीत, एकाच वयाच्या दोन मुलांपैकी एक चार दिवसांच्या तापावर निभावते आणि दुसरे झटके येऊन बेशुद्ध पडते, याचा उलगडा वयाने होत नाही.

यातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग लेखात आलाच नाही. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाचे रेणू असतात. पेशीत शिरलेल्या मलेरियाच्या परजीवीच्या प्रथिनांचे तुकडे ते बाहेर धरतात, आणि ते पाहून टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या लढाऊ पेशी, हल्ला चढवतात. कोणता तुकडा पकडता येईल हे त्या रेणूच्या घडणीवर ठरते, आणि घडण आई-वडिलांकडून येते. अ‍ॅड्रियन हिल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातील मुलांच्या अभ्यासातून दाखवले, की एचएलए-बी५३ हा प्रकार असलेल्या मुलांना गंभीर मलेरियाचा धोका कमी असतो. पुढच्याच वर्षी त्याचा एक संभाव्य धागाही मिळाला: परजीवी यकृतात असताना बनवतो त्या एका प्रथिनाचा तुकडा बी५३ पकडतो. म्हणजे चोर रक्तात पोचायच्या आधीच ओळखू येण्याची शक्यता.

सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक विकाराच्या जनुकाची एकच प्रत असलेल्या मुलाला गंभीर मलेरियापासून सुमारे ९० टक्के संरक्षण मिळते, तितके बी५३ मुळे मुळीच मिळत नाही. पण पश्चिम आफ्रिकेत बी५३ सिकलसेलपेक्षा कितीतरी जास्त लोकांत आढळतो. त्यामुळे संशोधकांच्या हिशेबाने बी५३ आणि त्याच अभ्यासात सापडलेला आणखी एक एचएलए प्रकार मिळून एकूण टळलेल्या आजाराचे प्रमाण सिकलसेलइतकेच भरले. शाळेत सिकलसेलचा धडा आम्ही वर्षानुवर्षे शिकवला. बी५३ चे नाव मात्र कधी निघाले नाही.

आता ‘कमी प्रतिकारशक्ती’बद्दल. टीएनएफ हे शरीरच बनवते ते एक संदेशवाहक प्रथिन. बेताचे असले तर परजीवीला आवर घालते. अति झाले तर रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते, बाधित लाल पेशी मेंदूतल्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि मूल कोमात जाते. १९९४ मध्ये, पुन्हा गांबियातच, असे दिसले की टीएनएफ जनुकाच्या नियंत्रक भागातल्या एका बदलाच्या दोन्ही प्रती असलेल्या मुलांना मेंदूच्या मलेरियाने मृत्यू किंवा कायमची मज्जासंस्थेची इजा होण्याचा धोका सुमारे सातपट होता. इथे प्रतिकारशक्ती कमी पडली असे कोण म्हणेल?

मात्र हा सातपटीचा आकडा उचलून उद्या कोणी नवा मथळा करू नये. २०१४ मध्ये सुमारे १२ हजार गंभीर रुग्ण आणि १७ हजारांवर इतर व्यक्ती यांची तुलना झाली. आधी नावाजलेल्या २७ जनुकस्थानांपैकी जेमतेम पाच तगली. त्यांत टीएनएफ नव्हते. टिकलेल्यांपैकी ठळकपणे प्रतिकारयंत्रणेचे म्हणावे असे एकच, सीडी४० लिगँड या टी-पेशींवरच्या प्रथिनाचे. बाकीची बहुतेक लाल पेशीशी निगडित. लाल पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कथा तर आणखी तिरकी: त्याच्या कमतरतेने मेंदूच्या मलेरियाचा धोका घटतो आणि तीव्र रक्तक्षयाचा वाढतो. मग ‘गंभीर मलेरिया’ हा एकच आजार धरावा की नाही, हाच प्रश्न पडतो.

तेव्हा जनुकांचा वाटा किती? केनियातील किलिफी भागातल्या मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाला किती वेळा मलेरिया होतो यातल्या फरकाचा सुमारे पाव हिस्सा जनुकांचा निघाला, आणि जवळजवळ तेवढाच मूल कोणत्या घरात राहते याचा. सिकलसेलच्या वाट्याला एकूण फरकातले फक्त दोन टक्के. उरलेला जनुकीय हिस्सा अनेक बारीक-सारीक फरकांत विखुरलेला असणार.

‘मलेरियाचे जनुक’ असे एकवचन छापले, की ज्याच्याकडे ते ‘चांगले’ जनुक आहे त्याला मच्छरदाणी कशाला, असा अर्थ काढणारे वाचक भेटतात. मला दोन भेटले, दोघेही पदवीधर. पुढच्या अंकात चौकट दुरुस्त करून छापावी आणि जागा उरली तर बी५३ वर दोन ओळी घालाव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक