पाणी कोण भरत होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कशाला हवी ही प्रगती, आमचं जुनं पुणंच बरं होतं’ असा सूर वाचकांच्या पत्रांत अधूनमधून लागतो. लावणारे बहुतेक माझ्याच वयाचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या घरी पाणी कोण भरत होतं, एवढंच मला विचारायचं आहे.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं आणि चौकात एक नळ. आई पहाटे चारला उठून बादली रांगेत लावायची. भरली कळशी कमरेवर घेऊन दोन जिने, अशा सात-आठ खेपा. वडील उठायचे तेव्हा पिंप भरलेलं असायचं, त्यामुळे जुनं पुणं त्यांनाही फार आवडायचं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. पानशेतचं काम पुरतं झालेलं नसताना त्यात पाणी साठवलं होतं. मी तेव्हा आठ वर्षांचा. नळ कोरडा पडला आणि वाड्यातला आड पुन्हा उपसावा लागला. रहाटाच्या दोराने आईचे तळहात सोलवटले होते. पण म्हणून धरणच नको, असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पानशेत पुन्हा बांधलं, आणि आज आपल्या स्वयंपाकघरातला नळ त्याच पाण्यावर चालतो.

तेव्हा प्रगती हवीच. माझी तक्रार घाईची आहे आणि ती कुणासाठी, याची. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतो ना? कोंडी सुटणार म्हणून बांधला आणि पंधरा-एक वर्षांत, २०२० मध्ये, आपणच पाडला. त्याने कुणाच्या कमरेवरची कळशी उतरवली?

परवा पत्नीला दवाखान्यात न्यायचं होतं. दवाखाना घरासमोर, मध्ये रुंद केलेला रस्ता. सिग्नलला पायी जाणाऱ्यांसाठी १५ सेकंद. तिचे गुडघे दुभाजकापर्यंत पोचेतो आकडे संपले आणि दोन्हीकडून गाड्या सुटल्या. हातात हात धरून परत मागे आलो. शेवटी रिक्षा केली.

‘काका, समोरच तर आहे,’ रिक्षावाला म्हणाला. मग पुढच्या चौकातून वळसा घालून त्याने आम्हाला रस्त्याच्या पलीकडे सोडलं.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे